बिनधुराची गाडी

खोकं गरम लागलं. भाजण्याइतकं नव्हे, शाळेतून आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून आईने नुसतं ‘हं’ म्हणावं, तितपत. जेवण झालं होतं, ओसरीवर सुपारी कातरत बसावं म्हणून मी बाहेर येत होतो आणि जाता जाता, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, लूनाच्या मागच्या सीटखाली बसवलेल्या पत्र्याच्या खोक्यावर थाप मारली. मारलेला हात उचलवेना. गाडी सावलीत होती. चार्जर मी सकाळीच काढून गुंडाळून ठेवला होता. सबंध दिवसात गाडीने एक पाऊल टाकलं नव्हतं. मग हिला ताप कशाचा? गल्लीत उद्याच्या दसऱ्याचा झेंडू विकणारी बाई ओरडत चालली होती, कुणाच्या तरी घरात टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं, आणि मी एका हातात अडकित्ता आणि दुसरा हात खोक्यावर, असा फोटो काढायला उभा राहिल्यासारखा उभा. संध्याकाळच्या पुण्याच्या एसटीने मुक्ता, माझी बायको, येणार होती. तिला या गाडीवर बसवून माळीवाडा स्टँडवरून घरी आणायचं, धूर नाही, वास नाही, आवाज नाही, अशी पालखी नगरात कुणी पाहिली नसेल, असं मी आमच्या सगळ्या तोफखाना गल्लीला सांगून ठेवलं होतं. आणि ती बसणार कुठे, तर बरोबर या खोक्यावर.

मी सांगितलं म्हणजे लोकांनी ते ऐकलं, एवढंच. विश्वास ठेवायची पद्धत आमच्या गल्लीत माझ्यापुरती बंद आहे. मी बॅटरीवाला मच्छिंद्र. जुन्या बाजाराजवळ माझं दुकान होतं, उभी हयात ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज केल्या, आणि बॅटरी चार्ज होईपर्यंत गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचं तर काहीतरी सांगावं लागतं. राजूरच्या बाजारात एकदा लाईट गेली तेव्हा मी एका म्हशीच्या दोन शिंगांना दोन तारा लावून बल्ब पेटवला होता. बल्ब बाजार उठेपर्यंत चालला, पण म्हैस त्यानंतर दूध द्यायची ते कोमट. हे मी इतक्यांना सांगितलंय की ती म्हैस आता मला दिसते, तिच्या कपाळावर चांदणं आहे. शेजारचा गहिनीनाथ एसटीत कंडक्टर होता. त्याला माझ्या सगळ्या गोष्टी पाठ, तरी तो ऐकतो, आणि शेवटी तिकिटाला चिमटा मारावा तशी जीभ टाळ्याला लावून ‘टक्’ करतो. म्हणजे गोष्ट तपासली, पुढे जाऊ द्या. पण खरं ऐकणारी माझी एकच होती. मुक्ता. ती हसायची ते भलत्याच जागी. म्हशीच्या दुधाला नाही हसायची. मी ‘कपाळावर चांदणं’ म्हटलं की हसायची. म्हणायची, आता हे नवीन घातलं तुमी. गोष्टीत जो भाग मी त्याच क्षणी रचला असेल तो तिला अचूक सापडायचा. त्यामुळे मी नवीन रचत राहायचो, तिने पकडावं म्हणून.

ती सव्वा महिन्यासाठी गेली होती. चेतनला, म्हणजे आमच्या पोराला, पुण्यात मुलगा झाला, सुनेला नोकरी, म्हणून सव्वा महिना. तो नातू आता शाळेच्या डब्यात काय हवं ते फोनवर मला सांगतो. मधल्या काळात ती येऊन जाऊन होती. दिवाळीला यायची, माझे डबे घासायची, मसाला कुटून ठेवायची, आणि जायची. भांडण नाही, तंटा नाही. कुणी विचारलं तर मी काय सांगावं? मी सांगायचो की तिला पुण्यात सरकारने ठेवून घेतलंय, तिच्या हातच्या भाकरीचं संशोधन चाललंय. पण मला आतून एक कारण माहीत होतं, निदान मी ते धरून ठेवलं होतं. जायच्या आधी शेवटची ती माझ्या लूनावर बसली ती दिल्ली दरवाजापर्यंत. पेट्रोलमध्ये ऑईल घालायची ती गाडी, मागे निळा धूर सोडायची, आणि मुक्ताची छाती नाजूक. दिल्ली दरवाजापाशी तिने माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवली. मी थांबलो. ती उतरली, पदर नाकातोंडावर धरून कमरेत वाकून खोकली, मग तोंड पुसून म्हणाली, तुमी व्हा पुढं, मी येते चालत. मी पुढं झालो. हे मला आजतागायत कळलेलं नाही की मी पुढं का झालो. ती म्हणाली म्हणून झालो. घरी येऊन ओसरीवर बसलो आणि ती कोपऱ्यावरून चालत येताना दिसली, हळूहळू, मध्ये एका ओट्यावर टेकून. त्या दोन बोटांची जागा पाठीवर कुठे आहे ते मी अजून दाखवू शकतो. पुढे ती पुण्याला गेली, आणि मनात असं गणित बसलं की धुरानं गेली. धूर काढला तर येईल. माणसाला दुरुस्त करता येईल असंच कारण सापडतं. मी तर जन्माचा दुरुस्त करणारा.

म्हणून लूनाचं इंजिन काढलं. लष्कराच्या लिलावातून आलेली एक पंख्याची मोटर भिंगारच्या भंगारवाल्याकडे मिळाली, ती मागच्या चाकाला साखळीने जोडली. आता बॅटरी. आपल्या नेहमीच्या शिशाच्या बॅटऱ्या ठेवून बघितल्या तर गाडी माझं आणि बॅटरीचंच ओझं वाहीना, मुक्ताला कुठे बसवणार? तेव्हा ज्ञानेश्वर भेटला. हा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. त्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी हातात घेतली तर काडेपेटीएवढी हलकी, आणि म्हणे यावर सप्तपदी आणि वरात दोन्ही निघते. मेलेल्या अशा बॅटऱ्यांची त्याच्याकडे पिशवीभर रास पडली होती. मी एक फोडली. आत बोटाएवढे नळकांडीसारखे सेल, लिथियमचे. मेलेला सेल एखादाच असतो. बाकीचे चांगले, त्या एकापायी सगळ्यांना कचऱ्यात टाकलेलं. मला फार बरं वाटलं ते बघून. मग मी नगरातले, पुण्यातले, औरंगाबादचे शूटिंगवाले आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारे यांच्याकडून टाकलेले सेल गोळा करत सुटलो. एकेक सेल भरायचा, ठेवून द्यायचा, आठवड्याने मोजायचा. ज्याने आपलं आपण राखलं तो घ्यायचा, गळका बाजूला. तार जोडायला सेलला थेट झाळणीचा डाग द्यायला गेलो तर उष्णतेने आतून बिघडतो हे काही सेल मारून शिकलो. बॅटरीच्या प्रत्येक पाकिटात एक हिरवी पट्टी निघायची, नखाएवढे भाग बसवलेली. ती मी उचकटून डब्यात टाकत गेलो. मला वाटलं, कंपनीचा चावटपणा. आपल्यासारख्याने उघडून दुरुस्त करू नये म्हणून बसवलेली काहीतरी खोडी. आमच्या धंद्यात असंच असतं. कंपनीने मेण ओतून बंद केलेलं झाकण उघडणं हाच आमचा धंदा.

सेलांचे सात गठ्ठे केले, सातही एकामागे एक ओळीने जोडले, जुन्या ट्रंकेचा पत्रा कापून खोकं केलं, आत सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, बाहेर फ्यूज. गाडी चालली. पहिल्यांदा चालली तो दिवस मी कुणाला सांगितला नाही, कारण त्यात रचण्यासारखं काही नव्हतं. पहाटे तोफखान्यातून निघालो. आवाज नाही. कुत्री मान वर करीनात. दूधवाला सायकलवरून जाताना माझ्या अंगावरच आला असता. इतकी वर्षं मी फट्‌फट्‌ करत गल्लीत शिरायचो तेव्हा दोन खिडक्या तरी उघडायच्या, आला म्हातारा म्हणायला. आता मी सगळ्यांच्या दारावरून गेलो आणि कुणाला माणूस गेल्याचं कळलं नाही. दिल्ली दरवाजाच्या कमानीखाली थांबलो. मागे वळून सीटकडे बघितलं. मग परत आलो. गहिनीनाथला त्याच दिवशी सांगितलं की शिर्डीपर्यंत जाऊन आलो, वाटेत एका एसटीला मागे टाकलं, तिचा कंडक्टर घंटी मारतच राहिला. त्याने ‘टक्’ केलं.

खोक्यावरचा हात आता घामेजला होता, की खोकंच आणखी तापलं होतं, हे कळेना. मी दुसरा हात लावून बघितला. सकाळी काय केलं ते आठवत होतो, आणि आठवायचं टाळतही होतो. सातांतला एक गठ्ठा मागे पडायचा. बाकीचे सहा भरून व्हायचे, हा अर्ध्यात. गाडी त्याच्या चालीने चालायची आणि तो थकला की थांबायची. माळीवाड्यापासून घरापर्यंत दोन माणसं घेऊन यायचं तर हा थांबून चालणार नव्हतं. मग मी सकाळी त्याला उकळी दिली. बॅटरीवाल्यांत याला तोड नाही. शिशाच्या बॅटरीचं एखादं घर मागे पडलं तर सबंध बॅटरी चार्जरवर तशीच सोडून द्यायची. भरलेल्या घरांना काही होत नाही. ती नुसती उकळत राहतात, बुडबुडे सोडतात, पाणी थोडं उडतं, तेवढ्यात मागचं घर गाठून येतं. मग वरून पाणी घालायचं, झाकणं लावायची. दुकानात रात्रंदिवस तो आवाज असायचा, बुडबुड बुडबुड, रांगेने ठेवलेल्या बॅटऱ्या आपसात बोलतायत असा. कान लावून मी सांगायचो, ही भरली, ही भरत आली, ही आता भरायची नाही. नाकाला तो आंबट वास, पॅन्टला ॲसिडची भोकं. मुक्ता म्हणायची, तुमी बॅटरीचं ऐकता तसं कधी माणसाचं ऐकलं असतं तर. पण हे हसून म्हणायची, की मी ते हसणं नंतर घातलं, आता सांगता येत नाही.

सकाळी मी खोक्याला कान लावून बसलो होतो. लिथियम बोलत नाही. भरला तरी बोलत नाही, पोट फुगलं तरी बोलत नाही. मी वाट बघत राहिलो की कुठूनतरी एक बुडबुडा ऐकू येईल, बास म्हणेल. सगळं शांत. मागच्या गठ्ठ्याचा काटा हळूहळू वर येत होता आणि मला आनंद होत होता. बाकीच्या सहांकडे मी बघितलंच नाही. ते भरलेले होते, भरलेल्यांकडे काय बघायचं. आणि आता, या खोक्यावर हात ठेवून उभं राहिल्यावर, त्या हिरव्या पट्ट्या माझ्या डोळ्यासमोर आल्या, डब्यात पडलेल्या, तुळशीची पानं खुडून ठेवावीत तशा. प्रत्येक पाकिटात एक. कंपनीला चावटपणाच करायचा असता तर इतका खर्च केला नसता. बुडबुडा नसलेल्या बॅटरीला ‘बास’ म्हणायला कुणीतरी लागणार. ती पट्टी तेवढंच करत होती. ते सगळे राखणदार मी स्वतःच्या हाताने काढून डब्यात घातले होते, आणि वर मुक्ताला बसवणार होतो.

झाकण उघडून मीटर लावला. पाच गठ्ठे उंच, मागचा गठ्ठाही आता बरा. उरलेल्या एकाचा काटा मात्र माझ्या डोळ्यादेखत खाली येत होता. काही जोडलेलं नसताना, आपल्या आपण. हे मला परकं नव्हतं. शिशात असं झालं की समजायचं, आत प्लेटला प्लेट चिकटली, बॅटरी आतल्या आत स्वतःला खातेय. पण शिशाची स्वतःला खाऊन गप्प मरते. हिचं मी गच्चीवर एकदा बघितलं होतं, एकाच सेलचं. शीळ घातली आणि भडकला. ते मी गल्लीला सांगितलं होतं की सेल उडाला तो चांदबिबीच्या महालावर जाऊन पडला, सहलीला आलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. गच्चीवरच्या पत्र्याला पडलेलं भोक मी डांबर लावून बुजवलं आणि स्वतःच्याच गोष्टीवर माझा इतका विश्वास बसला की ती भीती कुठे गेली कळलं नाही. आता ती सापडली. तरीही, खोटं कशाला बोलू, मी हिशेब करत होतो. संध्याकाळपर्यंत निवेल. वारा सुटेल. माळीवाडा ते तोफखाना असं किती लांब आहे? तिला घरी आणून उतरवली की मग हवं ते होऊ दे. ती एकदा बसली पाहिजे. एकदा बसून, नाक उघडं ठेवून, ‘अगं बाई, खरंच धूर न्हाई’ एवढं म्हणाली पाहिजे. त्यानंतरचं काही मी रचलंच नव्हतं.

गहिनीनाथ त्याच वेळी आला, झेंडूचा हार, नारळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन. आज खंडेनवमी, हत्याराची पूजा; त्याच्याकडे पूजायला आता एक चिमटा उरलाय, म्हणून दरसाल तो माझ्या दारात येतो. खोक्याचं उघडं झाकण बघून खूश झाला. म्हणाला, देवाचं तोंड उघडंच हाय, दोन थेंब पानी शिंपडतो, हळदीकुंकू लावतो. बोटं ओली करून त्याने हात पुढे केला तो मी मनगटात धरला.

“पाणी नको, नाथा.”

“आरं पूजा हाय.”

“ही पेटंल आत्ता.”

त्याने माझ्याकडे बघितलं, जीभ टाळ्याला लावली आणि ‘टक्’ केलं. वर म्हणाला की मागल्या खेपेला महालावर गेलती, आता दिल्लीला धाड. हार हँडलला घातला, नारळ दाराच्या उंबऱ्यावर फोडला, एक भकल माझ्या हातात ठेवली आणि वहिनी आल्यावर चहाला येतो म्हणून गेला. मी त्याला परत हाक मारली नाही. चार शब्द खरे बोललो होतो, ते त्याने चिमटा मारून पुढे जाऊ दिले होते. पाचवा बोलून काय होणार होतं?

फ्यूज काढला. तारा सोडवल्या, एकेका टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. परसात लोखंडी घमेलं होतं, त्यात खोकं ठेवलं आणि दोन्ही हातांनी उचललं. आमच्या मागे एका बांधकामाची जागा नुसतीच पडून आहे. भिंती नाहीत, वाळूचा ढीग मात्र आहे. ओसरीपासून त्या ढिगापर्यंत मी कसा गेलो? तान्हं मूल नेतात तसा. अंगापासून लांबही धरवत नव्हतं, जवळही धरवत नव्हतं. घमेल्याचे कान कोमट व्हायला लागले होते. वाळूत खळगा केला, खोकं ठेवलं, फावड्याने वरून वाळू ओढायला लागलो, तेवढ्यात आतून शीळ आली. किती नाजूक, गवळ्याचं पोर लांबून वाजवतं तशी. इतके दिवस जिच्याकडून एक बुडबुडा ऐकायला कान लावला ती अखेर बोलली. मग वाळू हलली. गोडसर, डोक्यात जाणारा वास आला, पांढरा धूर फुटला आणि धुरातून ज्वाळा, निळी नाही, पांढरी. एकाचं दुसऱ्याला लागत गेलं. फट्‌, फट्‌. मी फावड्याने वाळू टाकत होतो आणि एक जळता तुकडा येऊन माझ्या मनगटावर बसला, झटकला तोवर कातडी घेऊन गेला. मी टाकतच राहिलो. हळूहळू ढीग गप्प झाला, नुसता श्वास घेतल्यासारखा मध्ये मध्ये खाली बसत होता. मी फावडं टेकून आजूबाजूला बघितलं. खिडक्या बंद. क्रिकेट चालू. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा खरोखर काहीतरी घडलं होतं, मला एक शब्दही वाढवायची गरज नव्हती, आणि बघायला चिटपाखरू नव्हतं.

हे खोकं मागच्या सीटखाली असतं तर, हे वाक्य मी पुरं केलं नाही. अजूनही करत नाही. मनगटाला तेल लावलं, वर रुमाल बांधला, सदऱ्याची बाही खाली ओढली. लूनाला पायडल असतात ही तिच्या जातीची मेहेरबानी. बिनबॅटरीची, बिनइंजिनाची, हँडलला झेंडूचा हार घातलेली गाडी पायडल मारत मी माळीवाड्याला नेली. उतारावर ती आपली आपण पळाली तेव्हा एक माणूस वळून बघायला लागला. स्टँडवर गर्दी होती, आपट्याच्या डहाळ्या बांधलेली पोती, ऊस, पिशव्या, पारनेरच्या गाडीत खिडकीतून टोप्या टाकून जागा धरणारी माणसं. मी उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभा राहिलो. काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होतो आणि पहिल्यांदाच काही जुळत नव्हतं.

मुक्ता उतरली ती एकटीच, हातात एक पिशवी. मी तिला लांबून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की ती पायऱ्या कुणाचा हात न धरता उतरली. अंग भरलं होतं. चष्मा नवीन. जवळ येऊन ती माझ्याकडे बघायच्या आधी गाडीकडे बघून हसली, हारामुळे असेल. रसवाल्याने बाकडं दिलं, दोघं बसलो. तिने सांगितलं की सुनेच्या सोसायटीतल्या चार बायकांबरोबर ती सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढते. आधी निम्म्यात बसायची, आता देवळापर्यंत. दम लागत न्हाई आता, म्हणाली. तिथं झोप लागते. मी विचारलं, इथं लागत नव्हती? ती रसाच्या पेल्यावरची माशी हाकलत म्हणाली, “तिथं लोक कमी बोलत्यात वो. पन बोलत्यात ते हुतं तेवढंच आसतं. मानसाला धरायला बरं पडतं.” हे ती रागाने म्हणाली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मी दिल्ली दरवाजाचं विचारणार होतो, धुराचं. विचारलं नाही. विचारायला काही उरलं नव्हतं. धुराचा कुणाशी संबंध नव्हता.

मग तिने खोक्याची रिकामी जागा बघितली. बॅटरी कुठंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, पेटली.

“आलं. स्टँडवरच सुरू,” असं म्हणून ती हसायला लागली. मी मात्र सांगत गेलो. सकाळी उकळी दिली, द्यायला नको होती, हिरव्या पट्ट्या काढल्या, काढायला नको होत्या, दुपारी गरम लागली, वाळूत पुरली, पेटली. एवढंच. तिचं हसणं मध्येच थांबलं. चाळीस वर्षांत माझ्या तोंडून इतकं उघडं काही तिने ऐकलं नव्हतं. त्यात नवीन घातलेलं ती शोधत होती आणि तिला ते सापडेना. तिने चष्मा काढला.

“माझ्याकडं बघून सांगा. हे खरं का?”

मी बघितलं.

“खरं आसंल तर मी न्हाई जात परत,” ती म्हणाली. “चेतनला फोन लावून सांगते. तुमाला आसं एकट्याला जाळून घ्यायला सोडून मी तिथं डोंगर चढत बसू का?”

हेच ते. याच्यासाठी इंजिन काढलं, गावोगावचे मेलेले सेल वेचले. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं, आणि तेही खरं. बाही वर करून मनगट दाखवलं असतं तर ‘व्हय’सुद्धा म्हणावं लागलं नसतं. पण ‘न्हाई जात’ म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. पिशवीकडे बघत होती. दोन लुगड्यांची पिशवी. बाकीचे कपडे मागवून घ्यावे लागतील, काय काय तिथं राहिलंय, पायात घालायचे ते पांढरे बूट, हे तिच्या डोळ्यांत एकेक येत होतं आणि एकेक विझत होतं. तिने श्वास घेतला, तो मघाच्यासारखा सरळ गेला नाही, मध्ये कुठेतरी अडला. शीळ फुटायच्या आधीचा तो शांतपणा मी दुपारीच ऐकला होता. भरलेल्यांकडे बघायचं नसतं असं मी मघापर्यंत समजत होतो.

“खरं म्हणजे काय,” मी म्हणालो, “पेटली ती पेटली, पण त्यातला एक सेल सुटला तो सरळ वर. वरून लष्कराचं विमान चाललेलं. पायलटनं खिडकीतून हात काढून झेलला. म्हणतो, काका, तुमचं काहीतरी पडलं. म्हटलं ठेव बाबा, तुला उतरताना लागंल.”

ती बघत राहिली. विमानाला नाही, खिडकीला नाही. ‘उतरताना लागंल’पाशी तिचा ओठ हलला. सापडलं होतं तिला.

“हे आत्ता घातलं,” ती म्हणाली.

“आत्ताच.”

“मेलं, जीव खालीवर केला माझा.” आणि इतक्या वर्षांनी, भर स्टँडवर, तिने माझ्या हातावर जोराने चापट मारली. बरोबर मनगटावर, रुमालावर. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी हसत होतो. गडगडून हसत होतो, रसवालासुद्धा बघायला लागला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचंच आलं असं तिला वाटलं असणार, कारण तिने पदराने ते पुसून दिलं.

चष्मा घालून ती उठली. म्हणाली, मग दसरा झाला की परवा सकाळचीच गाडी धरते, उन्हाच्या आत पोचते. धर की, मी म्हणालो. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि मागच्या सीटवर एका अंगाने बसली. पुण्याला जाऊन मुक्ता चांगली जड झाली होती. पहिलं पायडल बसायला मला उभं राहावं लागलं.